टिकलीखालचं नाव

आमच्या घरात जे काही आहे ते अप्पांच्या नावावर आहे. भालकीतलं घर, बाजारातलं आडत दुकान, विजेचं मीटर, नळ, गॅस, गच्चीवरची डिशची छत्री, सगळं. अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांनी हट्टानं तसं करून घेतलंय असं अजिबात नाही. कोणी नाव विचारलं की घरातल्या माणसाच्या तोंडी किंवा लेखणीत आपोआप त्यांचंच येतं, इतकंच. लग्न होऊन मी उदगीरहून इथं आले तेव्हा मला याचं हसू यायचं. माझ्या माहेरी निदान गॅस तरी आईच्या नावावर होता. त्यामुळे कोडिंग शिकायच्या एका वेबसाइटवर माझं खातं उघडायची वेळ आली आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते अप्पांच्या नावानं उघडलं, यात नवल करण्यासारखं काही नव्हतं.

"अहो, माझ्या नावानं टाका ना," मी म्हटलं.

"तुझ्या फोनला घरात रेंज कुठं हाय? ओटीपी आला पाहिजे की. अप्पाचा नंबर टाकतो, नाव त्यांचंच ऱ्हाऊ दे. नंतर बदलू."

माझं सिम माहेरचं. ते महाराष्ट्रात खणखणीत बोलायचं आणि या घराचा उंबरा ओलांडला की मुकं व्हायचं. तेव्हा अप्पांचा नंबर, अप्पांचं नाव, आणि हात फिरतोच आहे तर म्हणून ह्यांनी फोटोही अप्पांचाच लावून टाकला. दुकानाच्या पूजेच्या दिवशी काढलेला, पांढरी टोपी आणि ताजं गंध असलेला. फुकट शिकायला मिळतंय, एक फोटो गोड मानून घ्यायला काय हरकत आहे, असा विचार मी केला.

मला नोकरी हवी होती. घरात काही कमी पडत होतं असं नाही. हे साखर कारखान्यात आहेत, अप्पांची आडत चालते, मुलगी शाळेत रमलेली. पण मी बीएस्सीला वर्गात पहिली आलेली मुलगी होते आणि लग्नानंतर कशातच आले नव्हते, ना पहिली ना शेवटची. कॉलेजातली एक मैत्रीण कलबुर्गीत वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागली होती. तिनं सांगितलं, हा कोर्स पुरा कर, प्रमाणपत्र मिळव, आमच्याकडे जागा निघणार आहेत, बरंचसं काम घरून करता येतं. तो फोन ठेवला आणि मला एकदम भूक लागली. मी उभ्याउभ्या शेंगाचटणी आणि शिळी भाकरी खाल्ली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

पहिल्या दुपारी ह्यांचा जुना लॅपटॉप घेऊन बसले आणि वेबसाइट उघडली ती कन्नडमध्ये. आम्ही कर्नाटकात राहतो हे तिला कुठून कळलं कोण जाणे. कन्नड मला बोललेलं समजतं, पण वाचता येतं ते फक्त बसच्या पाट्यांपुरतं. लग्नानंतर पहिल्यांदा एकटी माहेरी निघाले तेव्हा भालकीच्या स्टँडवर मी कितीतरी वेळ उभी होते. सगळ्या पाट्या गोल गोल अक्षरांच्या. शेवटी महाराष्ट्राची लाल एसटी दिसली आणि काही न वाचता तिच्यात चढले. नंतर एकेक पाटी ओळखायला शिकले, ती अक्षरं जोडून नाही, चेहरा ओळखावा तशी. पण इथं लाल एसटी नव्हती. भाषा बदलायची सोय कुठंतरी असणार, आणि ती कन्नडमध्येच लिहिलेली असणार, एवढं कळत होतं. मला चीड आली.

आत्याबाई शेजारी सूप घेऊन तूर निवडत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर आळंदकडचं, शाळा कन्नड, आणि ती शाळाही लग्नापर्यंतचीच. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ आल्या आणि बोट फिरवत वाचू लागल्या. त्यांना वाचताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"भाषे," त्या म्हणाल्या. "ह्ये बघ, हितं लिवलंय. दाब."

मी दाबलं. यादी उघडली. तिच्यात मराठी नव्हती. इंग्रजी घेतली. तेवढ्यात आत्याबाईंचं बोट वरच्या कोपऱ्याकडे सरकलं होतं. पान इंग्रजी झालं तरी त्या कोपऱ्यातली अक्षरं, ह्यांनी हौसेनं घातलेली, कन्नडच राहिली होती. फोटो, आणि फोटोशेजारी नाव. आत्याबाईंनी पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं, आणि पदर तोंडावर धरला.

"बाई बाई. ह्याला काय रीतभात हाय का न्हाई? मोठ्या माणसाला नुसतं नावानं बोलवायलंय."

आत्याबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नाही. त्या 'अवं' म्हणतात, परक्यापुढं 'मालक' म्हणतात. मीही सासऱ्यांचं नाव तोंडानं घेत नाही. बँकेत, दवाखान्यात कोणी विचारलंच तर मी त्यांचं कार्ड पुढं करते. बीएस्सी झालेली बाई असं का वागते, हे मला माझ्या मुलीला अजून समजावून सांगता आलेलं नाही. पण घर हे घर असतं. आत्याबाईंच्या कानावर माझ्या तोंडून ते नाव पडावं, ही कल्पनाच मला सोसवत नाही.

दुसऱ्या दिवशी परत तेच. लॅपटॉप उघडला की कोपऱ्यात ते नाव, पान खाली सरकवलं तरी जागचं न हलणारं. आत्याबाई तूर घेऊन दुसरीकडे तोंड करून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या उठल्या, आरशाच्या चौकटीवर त्यांच्या वापरलेल्या टिकल्या चिकटवलेल्या असतात त्यांतली एक मोठी, गोल, मरून टिकली काढून आणली आणि पडद्यावर त्या नावावर लावली. नाव लांब होतं, एका टिकलीनं भागेना. मग दुसरी आणली. ती आडनाव झाकून शेजारच्या छोट्या घंटीवर बसली. ती घंटी कशासाठी असते हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"फोटोला लावू नका," मी म्हटलं.

"तोंडाला कामून लावीन गं? दिसू दे की," आत्याबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन माझ्या अगदी जवळ येऊन बसल्या. त्यानंतर आमच्या दुपारी सुखानं सुरू झाल्या.

सुखानं म्हणजे घरात. वेबसाइटवर मी कितीतरी दिवस रस्ता चुकलेलीच होते. डावीकडे धड्यांची लांब रांग, प्रत्येकापुढे छोटंसं कुलूप. मध्ये वाचायचा मजकूर. उजवीकडे एक काळी चौकट. मी पहिला धडा वाचला, समजून घेतला, पुन्हा वाचला, पाठ केला. पुढचं कुलूप काही उघडेना. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत वाढलेल्या मुली, पाठ झालं की झालं, एवढंच आम्हाला ठाऊक. ती काळी चौकट मला नुसतं चित्र वाटत होती. एकदा पदर सावरताना तिथं बोट लागलं आणि आत एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. तेव्हा कळलं की लिहायचं तिथं असतं, आणि लिहिल्याशिवाय हे लोक पुढं जाऊ देत नाहीत. मला शाळेतल्या सगळ्या गुरुजींचा एकदम राग आला.

मग एक गोल फिरलेला बाण सापडला. मला वाटलं, पान ताजं करायचा असेल. त्यानं मी दुपारभर लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. त्या संध्याकाळच्या भाकरी एका बाजूनं करपल्या आणि कोणी काही बोललं नाही, माझं तोंड बघूनच बोललं नसेल. एक पिवळा दिवा होता, तो दाबला की सूचना मिळायची. त्याच्या खाली अख्खं उत्तरच ठेवलेलं असायचं. मी हट्टानं दोन्हीकडे बघत नसे. आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या चकित झाल्या.

"उत्तर हितंच हाय म्हणतीस, मग बघ की."

"बघितलं तर शिकणार काय, आत्याबाई?"

"मग त्यांनी ठिवलं कामून?"



चूक झाली की त्या काळ्या चौकटीत लाल अक्षरं यायची. सुरुवातीला ती बघितली की माझं डोकं फिरायचं, कोणी चारचौघांत खेकसल्यासारखं वाटायचं. पुढं ती नीट वाचायला लागले. त्यात ओरडणं नव्हतंच. अमुक ओळीत, अमुक जागी, कंस बंद करायचा राहिलाय, एवढंच लिहिलेलं असायचं. या घरात आले तेव्हा पहिली दोनेक वर्षं माझं काहीतरी चुकतंय एवढं सगळ्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, पण कोणत्या ओळीत ते कोणी सांगायचं नाही. मी अंदाजानं दुरुस्त्या करत राहायचे आणि नसलेल्या चुका नव्यानं करून ठेवायचे. ती लाल अक्षरं मला आवडायला लागली, असं मी ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

चर्चेचं एक पान होतं, अडलेल्यांनी विचारायचं आणि येत असेल त्यांनी सांगायचं. तिथं मी अप्पांच्या नावानं आणि टोपी-गंधाच्या फोटोनं जात असे. मला सगळे 'सर' म्हणायचे. कोणी लिहायचं, सर, या वयात तुम्ही शिकताय, तुमच्यामुळे मला हुरूप आला. एक मुलगी 'अंकल' म्हणायची. मी खरं सांगणार होते, पण प्रत्येक वेळी ते राहून गेलं, आणि नंतर मलाच त्या माणसाची सवय झाली. अप्पांच्या तोंडी शोभेल असं मी जपून लिहायचे, कोणाला फटकारायचे नाही, शेवटी 'यशस्वी व्हा' असा आशीर्वादही द्यायचे. आत्याबाईंना वाचून दाखवलं की त्या म्हणायच्या, मालक एवढं गोड कधी बोलले न्हाईत.

आता ओटीपीचं. ती वेबसाइट रोज नव्यानं ओळख मागायची आणि आकडे जायचे अप्पांच्या फोनवर, आणि अप्पा दुपारी बाजारात, आडतीवर. मी खिडकीच्या एका कोपऱ्यात, जिथं माझ्या फोनला जेमतेम आवाज यायचा, उभी राहून त्यांना फोन लावायचे. अप्पा चष्मा चढवायचे, फोन कानापासून दूर धरायचे आणि मोठ्यानं वाचायचे, "ऐदु... सोन्ने... एळु... एळु..." आयुष्यभर पोती मोजलेली ती कन्नडमध्येच. त्या मेसेजातच लिहिलेलं असतं की हे आकडे कोणाला सांगू नका. आमचे आकडे भर सौद्यात, तुरीच्या ढिगापाशी, सगळ्या बाजाराला ऐकू जातील असे सांगितले जायचे.

बाजार ऐकणारच. शेजारच्या आडत्यानं एकदा विचारलं, अप्पा, ह्ये रोज कशाचं हो? अप्पा म्हणाले, कॉम्प्युटरचं हाय. शिकायलाव का काय, त्यानं गंमतीनं विचारलं. अप्पा म्हणाले, "हूं."

त्या एका हूंनं सगळं केलं. त्यात वेबसाइटची भर. मी एकेक टप्पा पार केला की अप्पांच्या फोनवर त्यांच्या नावानं अभिनंदन यायचं, रंगीबेरंगी, फटाके उडवणारं. अप्पा ते शेजाऱ्याला दाखवायचे. दाखवताना खोटं काही बोलायचे नाहीत, नुसता फोन पुढं करायचे. हे मला ह्यांनी एका संध्याकाळी हसत हसत सांगितलं. "बाजारात अप्पाला आता इंजिनिअर म्हणायलेत. हमाल सुद्धा."

मी हसले. मग थोड्या वेळानं राग आला. आणि सासऱ्यांचा राग आला म्हणून लाज वाटली. अप्पा माझ्याशी कधी वाकडं वागले नव्हते. दुपारी मुलगी शाळेतून आली की तिला दुकानावर नेऊन बसवायचे, का तर मला शिकता यावं. तेवढी एक हूं त्यांना असू द्यावी, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं पूर्ण जमलं असं मात्र म्हणता येणार नाही.

कोर्सच्या शेवटी स्वतःचं एक काम करून दाखवायचं होतं. मी बाजारभावाचं पान केलं. तूर, हरभरा, ज्वारी, सोयाबीन, आजचा भाव, कालचा भाव, एकीकडे मराठीत आणि बटण दाबलं की कन्नडमध्ये. कन्नड शब्द आत्याबाईंनी तपासले, तोगरी, कडले, जोळ. एक चूक त्यांनी अशी पकडली की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारलीही. त्या अवघडून म्हणाल्या, सूप सांडंल. अप्पांनी ते पान फोनवर घेतलं आणि बाजारभर दाखवलं. त्या दिवशी ते पेढे घेऊन घरी आले. पेढे कोणाच्या यशाचे, हे कोणी विचारलं नाही. मला एक दिला, एक आत्याबाईंना, उरलेले मुलीनं खाल्ले.

दोन-तीन दिवसांनी प्रमाणपत्र आलं. सोनेरी काठ, वळणदार अक्षरं. मी मैत्रिणीला लगेच पाठवलं. तिचा फोन आला तेव्हा मी अजून हसतच होते.

"अगं, हे कोणाचं पाठवलंयस?"

मी पुन्हा उघडून बघितलं. मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरात, अप्पांचं नाव. मला ते आधी दिसलंच नव्हतं. एवढे महिने ते नाव बघायचं नाही याचीच माझ्या डोळ्यांना सवय झाली होती.

मैत्रीण म्हणाली, आमच्या साहेबांना नाव जुळलेलं लागतं. सोमवारी मुलाखती आहेत, तोवर तुझ्या नावाचं आण, नाहीतर ते दुसऱ्या मुलीला घेतील, ती वाटच बघतेय.

मी लॅपटॉपवरच्या टिकल्या काढल्या. दुसऱ्या टिकलीखाली ती घंटी होती आणि तिच्यावर लाल ठिपका. आत सूचनांची रांग लागलेली. शेवटचं काम सुरू करण्याआधी आपलं नाव तपासून घ्या, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. प्रमाणपत्र निघाल्यावर नाव असं बदलता येत नाही. एकच वाट उरते. ज्याच्या नावाचं खातं आहे त्यानं कार्ड घेऊन व्हिडिओ कॉलवर यायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं की हे काम माझं नाही, अमुक व्यक्तीचं आहे. मी शनिवारी दुपारची वेळ घेतली. नव्या नावानं सगळं पहिल्यापासून करायचं तर पुन्हा तेवढेच महिने, आणि जागा तोवर थांबणार नव्हती.

रात्रीच्या जेवणाला अप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ताटात हात धुतला.

"म्हंजे त्याच्यावरलं माझं नाव काढायचं."

"काढायचं असं न्हाई, अप्पा..." मी म्हटलं. काढायचंच होतं.

"बघू," अप्पा म्हणाले आणि उठले. आमच्या घरात 'बघू' हा शब्द सहसा नकारासाठी वापरतात. मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. बाजारातला तो मान त्यांना किती गोड लागत होता हे मी पाहिलं होतं. या वयात चार लोकांत जाऊन, ते मी नव्हेच, असं सांगायला लावणं मलाही नको होतं. आणि मला ती नोकरी हवी होती. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं दुसरं जास्त खरं होतं.

शनिवारी अप्पा सकाळीच बाजारात गेले. ह्यांनी त्यांना वेळेची आठवण करून दिली होती. दुपारी मी फोन लावत राहिले, ते उचलेनात. सौद्याची वेळ, मी आत्याबाईंना म्हटलं. त्या निवडलेलीच तूर पुन्हा निवडत राहिल्या. वेळ झाली. पडद्यावर एक तरुण मुलगी आली, हिंदीत बोलणारी, चटपटीत. खातेधारक कुठे आहेत, तिनं विचारलं. येतायत, मी म्हटलं. ठीक आहे, तोवर त्यांचं पूर्ण नाव सांगा.

माझ्याजवळ पुढं करायला कार्ड नव्हतं, ते अप्पांच्या खिशात. "मेरे ससुरजी हैं," मी म्हटलं.

"हां, पर नाम?"

मी तोंड उघडलं. आत्याबाई माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या, एवढं शिकलीस, एवढं लिहिलंस, दोन शब्द उच्चारता येईनात. ती मुलगी म्हणाली, नाव तरी सांगावं लागेल, नाहीतर मला ही विनंती बंद करावी लागेल.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. पडद्याकडे तोंड केलं आणि नाव सांगितलं. नवऱ्याचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव, तिन्ही सुटे सुटे, स्पष्ट, शाळेत हजेरी देतात तसं. त्या आवाजात लाज नव्हती. ती मुलगी लिहून घेत होती. तिला हे रोजचंच, कोणीतरी कोणाचं तरी नाव सांगतं.

दारात चपलेचा आवाज झाला म्हणून मी मान वळवली. अप्पा उभे होते, एक पाय चपलेत, एक बाहेर. त्यांनी ऐकलं होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलेला माणूस कसा दिसतो ते मी बघितलं. आत्याबाईंनी पदर पुढं ओढला आणि सूप उचललं.

अप्पा येऊन माझ्या शेजारी बसले, टोपी सारखी केली, कार्ड छातीशी धरलं. आणि त्यांच्या बाजाराच्या दखनी हिंदीत, जिथं लहान मुलीलाही अम्मा म्हणतात, म्हणाले, "नाम मेरा है, अम्मा. काम मेरी बहू का है. मेरे कू इसमें का कुछ बी नई आता."

शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून घातलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पडद्यावर दिसू नये म्हणून मी खाली बघितलं.

"किनके नाम पे करना है?" पडद्यावरच्या मुलीनं विचारलं.

"सांग, पोरी," अप्पा म्हणाले.

मी माझं नाव सांगितलं. या घरात मी सूनबाई आहे, पोरी आहे, मुलीची आई आहे. मोठ्यानं आपलंच नाव घ्यायला मला किती दिवस झाले होते कोण जाणे, ते जरा परकंच वाटलं. पडद्यावरच्या मुलीनं परत विचारलं, मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा बरं वाटलं.

रविवारी माझ्या नावाचं प्रमाणपत्र आलं, सोमवारी मी कलबुर्गीला गेले, आणि त्यांनी मला घेतलं. आत्याबाईंनी ते नाव नंतर पुन्हा कधी घेतलं नाही. नातीनं हट्ट केला, आजी अजून एकदा, तर म्हणाल्या, काम झालं की आता. लॅपटॉपच्या कोपऱ्यात आता माझं नाव असतं आणि त्याच्याभोवती टिकल्यांच्या डिंकाचे दोन गोल. मी ते पुसलेले नाहीत.

इथलं एक सिमही घेतलं, माझ्या नावावर. ते घरात बोलतं. नोकरी लागल्यावर, अप्पांना सांगून, त्याच वेबसाइटवर पुढचा कोर्स सुरू केला, त्या दुपारी आकडे माझ्याच फोनवर आले. मी ते टाकले आणि धडा उघडला, तेवढ्यात अप्पांचा फोन.

"आज आकडे न्हाई मागितलीस?"

"आता माझ्याच फोनवर येतात, अप्पा."

"बरं," ते म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मागं बाजाराचा गलका ऐकू येत होता. "मग वाच की."

मी वाचले, त्यांच्यासारखेच, कन्नडमधून. एंटु. मूरु. सोन्ने. ते एकेक आकडा माझ्यामागून मोठ्यानं म्हणत गेले. शेजारच्या आडत्यानं विचारलेलं मला फोनवर स्वच्छ ऐकू आलं, काय अप्पा, पुढचा धडा काढला का?

"माझं न्हाई ते," अप्पा म्हणाले. "मला कुठं यायलंय. सुनेचं हाय. पहिल्यापासनं तिचंच हाय."

आणि मग त्यांनी भर बाजारात माझं नाव सांगितलं, आडनावासकट.